दुबईच्या 'दूतावासा'तून आलेला फोन

ज्यांची मुलं आखातात नोकरीला आहेत त्या आईवडिलांनी हे जरूर वाचावं. आमचे १,८५,००० रुपये गेले. पण त्याहून वाईट होते ते तीन तास, ज्यात मी माझ्या मुलाला मनातल्या मनात तुरुंगात बसलेला बघत होते.

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. मुलगा दुबईत साइट इंजिनिअर आहे. गेल्या वर्षी एका शनिवारी सकाळी मला व्हॉट्सॲपवर कॉल आला. नंबर +९७१ ने सुरू होणारा, फोटोच्या जागी अशोकस्तंभ. "काकू, मी दुबईच्या भारतीय दूतावासातून बोलतोय. मूळचा कोल्हापूरचा. घाबरू नका, आधी बसून घ्या." मुलाचं पूर्ण नाव, त्याच्या कंपनीचं नाव, सगळं बरोबर सांगितलं. हे सगळं मुलाच्या फेसबुकवर होतं, पण त्या क्षणी ते कुठलं सुचायला? म्हणाला, त्याच्या खोलीची झडती झाली, बंदी असलेलं औषध सापडलं. "तुम्ही काही गोळ्या दिल्या होत्या का बरोबर?"

माझे हातपाय गार पडले. दिल्या होत्या. कंबरदुखीवरच्या, ट्रामाडॉलच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतलेल्या. मी तसं सांगून टाकलं आणि पुढच्याच वाक्यात त्याच्या तोंडी 'ट्रामाडॉल' आलं. त्याच्या हातात काहीच नव्हतं, सगळं मीच दिलं. तिथे ट्रामाडॉल, कोडीन असली औषधं आगाऊ परवानगीशिवाय नेता येत नाहीत, हे खरंच आहे. म्हणून तर त्याचं बाकीचं खोटंही खपून गेलं.

मुलाला फोन लावला, उचलला नाही. साइटवर असला की तो दोन-तीन तास उचलतच नाही. तेवढ्यात व्हॉट्सॲपवर कागद आला: वर 'दुबई फेडरल कोर्ट', खाली शिक्का, सही, दोन ओळी अरबी, बाकी इंग्रजी. आज दुपारी कोर्टात उभं करणार, त्याआधी 'कॉन्सुलर ॲक्सेस'ची, म्हणजे आपल्या अधिकाऱ्यांनी कैद्याला भेटण्याची, फी आणि जामिनाची रक्कम भरली तर आजच सुटेल. कुलभूषण जाधवांच्या खटल्याच्या बातम्यांमुळे हा शब्द आमच्या घरात सगळ्यांना माहीत होता. तो ऐकला आणि ह्यांचीही शंका गेली. यूपीआयची दिवसाची मर्यादा एक लाखाची, म्हणून माझ्या फोनवरून ९५,००० आणि ह्यांच्या फोनवरून ९०,००० पाठवले. मग त्याने आणखी तीन लाख मागितले. मर्यादा संपली होती, म्हणूनच आम्ही थांबलो. शेजारच्या काकांकडे हात पसरायला मी चपला घालत होते, तेवढ्यात मुलाचा फोन आला. "आई, एवढे मिस्ड कॉल? काय झालं?"

नंतर मुलाने तो कागद बघितला आणि एकेक गोष्ट सांगत गेला. दुबईत आपला दूतावास नाहीच. दूतावास अबू धाबीला आहे, दुबईत आहे तो महावाणिज्य दूतावास, म्हणजे कॉन्सुलेट. दुबईची न्यायव्यवस्था फेडरल कोर्टांपासून वेगळी आहे. तिची स्वतःची प्राथमिक, अपील आणि सर्वोच्च अशी तीन पायऱ्यांची कोर्टं आहेत आणि तिथल्या कामकाजाची भाषा अरबी. तेव्हा 'दुबई फेडरल कोर्ट' हे नावच खोटं. २०२२ पासून तिथल्या सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार सुट्टी असते, आणि आम्हाला फोन आला तो शनिवारी.

आणि कॉन्सुलर ॲक्सेस. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमानुसार तो अटक झालेल्याचा हक्क आहे, त्याला फी कसली? आपले अधिकारी कैद्याला भेटतात, वकिलांची यादी देतात, घरच्यांना परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. जामिनाचे पैसे ते घेत नाहीत, आणि इथल्या कुणाच्या यूपीआयवर तर मुळीच नाही. तिथे जामिनासाठी बऱ्याचदा पासपोर्टच जमा करून घेतात.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते दुसरंच. दुबईतून व्हॉट्सॲपवर कॉल लागतच नाही. आम्ही मुलाशी रोज बोलतो ते बोटिम नावाच्या ॲपवर. रोज! आणि त्या दिवशी व्हॉट्सॲपवर 'दुबईहून' कॉल आला, तर मला क्षणभरही खटकलं नाही.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, लगेच फोन केला, मग सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. तोवर बरेचसे पैसे काढले गेले होते. एका खात्यात ६२,००० रुपये अडवता आले. एक तास उशीर झाला असता तर तेही गेले असते. म्हणून सांगते, लाज वाटली तरी आधी १९३० लावा, नातेवाइकांना नंतर सांगा. मी ह्यांच्याशी वाद घालण्यात वीस मिनिटं घालवली.

त्या ६२,००० साठी ठाण्याच्या कोर्टात अर्ज केलाय. आमचे गोठवलेले पैसे परत मिळायला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागणार आहे. आमच्या अर्जाला सीएनआर नंबर, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक, मिळालाय, अंक आणि अक्षरं मिळून सोळा. आपल्या कोर्टांच्या ई-कोर्ट्स साइटवर तो टाकला की प्रकरण आणि पुढची तारीख दिसते. खऱ्या कोर्टाचा कागद असा कुणालाही घरबसल्या तपासता येतो. मी रोज सकाळी तो नंबर टाकून बघते.