लॅसो की फिगर-८: डेडलिफ्टला कोणता स्ट्रॅप?
डेडलिफ्टमध्ये (वजनाचा बार जमिनीवरून उचलताना) पाठ आणि पाय दमायच्या आधीच पकड सुटत असेल, तर स्ट्रॅप, म्हणजे मनगट बारला जोडणारा पट्टा, जरूर घ्या. माझी पसंती लॅसोला. पट्टा त्याच्याच टोकाच्या फटीतून ओवून मनगटात घालायचा, मोकळं टोक बारला खालून गुंडाळायचं आणि मूठ फिरवून आवळायचं. एक-दोन वेढे पुरतात. मूठ उघडली की वेढा सैल होतो, म्हणून रोइंग, श्रग, रोमानियन डेडलिफ्ट सगळीकडे चालतो. सुती घ्या, नायलॉन टिकतो, पण घामाने घसरतो.

फिगर-८, म्हणजे इंग्रजी 8 सारख्या दोन फासांचा पट्टा, यात मनगट बारला जवळजवळ बांधलंच जातं. स्ट्राँगमन या ताकदीच्या स्पर्धेतल्या अवजड डेडलिफ्टला उत्तम, पण बार पटकन सोडता येत नाही. क्लीनला (बार जमिनीवरून झटक्यात खांद्यांवर घेताना) मात्र दोन्ही नकोत, मनगट अडकून दुखापत होऊ शकते. पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत स्ट्रॅपला परवानगी नसते, म्हणून सरावात हलके सेट उघड्या हातानेच मारा.