पोस्टग्रेसमधले लार्ज ऑब्जेक्ट : नोंद उडते, फोटो उडत नाही

पतसंस्थेच्या खातेदारांचे फोटो आणि सह्यांचे नमुने आम्ही पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये लार्ज ऑब्जेक्ट म्हणून, म्हणजे टेबलाबाहेर वेगळे साठवून, ठेवत आलोय. ऐन मार्चअखेरीला सर्व्हरची डिस्क भरली. होस्टिंगवाल्याचं एकच पालुपद: मोठा प्लॅन घ्या. दरमहा जास्तीचं भाडं भरण्याआधी म्हटलं, आत साठलंय काय ते तरी बघू.

खातेदाराच्या टेबलात नुसता ओआयडी, म्हणजे त्या ऑब्जेक्टचा क्रमांक, असतो. चित्र २ केबीचे तुकडे होऊन पीजी_लार्जऑब्जेक्ट या पोस्टग्रेसच्या स्वतःच्या टेबलात जातं. नोंद डिलीट केली की ओआयडी जातो, तुकडे तिथेच. फोटो बदलला तरी तीच गत. काउंटरवर फोटो तिरका आला की पुन्हा अपलोड करतात, आणि अशा प्रत्येक तिरक्या फोटोचं भाडं आम्ही भरत होतो! ४ टीबीचा ऑब्जेक्ट पेलणाऱ्या यंत्रणेला एवढा केर काढता येऊ नये?

कोणत्याच नोंदीत ओआयडी नसलेले बेवारस ऑब्जेक्ट पुसणारं व्हॅक्यूमएलओ हे साधन त्याचसाठी आहे म्हटल्यावर राग जरा निवळला. मग ‘-एन’ देऊन, काहीही न पुसता, बेवारस किती त्याचा नुसता आकडा काढला. तो भलताच मोठा. हे साधन फक्त ओआयडी आणि एलओ प्रकारचे कॉलम तपासतं. आमचा प्रोग्रॅम डेटाबेसशी जोडणाऱ्या हायबरनेटने आमचे कर्जावरचे लांबलचक शेरेही लार्ज ऑब्जेक्ट केले होते, आणि त्यांचा ओआयडी टेक्स्ट कॉलममध्ये ठेवला होता. व्हॅक्यूमएलओच्या लेखी ते सगळे बेवारस! तो कॉलम ओआयडीचा केला, मगच झाडू फिरवला.

तरी डिस्क भरलेलीच. मोकळी झालेली जागा पोस्टग्रेस स्वतःकडेच ठेवतं. ती परत हवी तर टेबल नव्याने लिहिणारी व्हॅक्यूम फुल ही आज्ञा. त्यात टेबलाला कुलूप, शिवाय नवी प्रत लिहायला जागा. म्हणजे डिस्क रिकामी करायला आधी डिस्क रिकामी हवी. जुने बॅकअप दुसऱ्या मशीनवर हलवले आणि डे-एंड झाल्यावर रात्री उरकलं.

एक मात्र मानावं लागेल. सबंध डेटाबेसचा पीजी_डंपने काढलेला बॅकअप दुसरीकडे चढवला, तर एकूण एक सही आपापल्या खात्यावर. फोल्डरमधल्या फायलींच्या काळात हे सुख नव्हतं. फक्त ‘-टी’ने एकच टेबल काढलंत तर ‘-बी’ द्या, नाहीतर चित्रं येत नाहीत.

आता एलओ_मॅनेजचा ट्रिगर लावलाय; नोंद उडाली किंवा बदलली की तो जुना ऑब्जेक्टही आपोआप पुसतो. सगळं टेबल एका फटक्यात रिकामं करणाऱ्या ट्रंकेटला तो चालत नाही, म्हणून टेस्टचा डेटाही डिलीटनेच उडवायचा. नवे फोटो सरळ टेबलातल्याच बायटीए प्रकारच्या कॉलममध्ये टाकतो; त्याची मर्यादा १ जीबी, आमची सही काही केबींची. मोठा प्लॅन अजून घेतलेला नाही.