बुलेटचा जुना फोर्क 'मापासाठी' कोणाकडे पाठवू नका

"दादा, आधी तुमचा जुना फोर्क पाठवा, मापं जुळवून नवा देतो." असं कोणी म्हणालं की व्यवहार तिथेच थांबवा. फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारे शॉकअपचे दोन पाय. बुलेट असो, येझदी असो की राजदूत, जुनी गाडी जपणाऱ्या प्रत्येकाला कळावं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आमची बुलेट १९७२ची, बाबांनी घेतलेली. राहतो देवगडात. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे फोर्कच्या पाइपांना बारीक खड्डे पडले होते. ऑइल सील (आतलं तेल अडवणारी रबरी कडी) कितीही चांगलं घाला, फोर्क वरखाली झाला की तो खड्डा सीलची कड कापतो आणि गळती पुन्हा सुरू. फोंडा घाट उतरताना ब्रेक दाबला की हँडल दणकन खाली बसायचं. पुढचे शॉकअप सुधारून घेणं गरजेचंच होतं.

घाटावरच्या एका शहरात जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारा एक जण आहे, त्याच्याशी फोनवर बोलणं झालं. माणूस जाणकार. २०२१ नंतरच्या रॉयल एनफिल्ड क्लासिकचा ४१ मिलिमीटरचा फोर्क तुमच्या गाडीला सरळ बसणार नाही, हे त्यानेच आधी सांगितलं. ते खरंच आहे. जुन्या बुलेटचं हेडलाइटचं डोकं, ज्यावर ते दोन टायगर लाइट (बाजूचे छोटे दिवे) असतात, तेच फोर्कचं वरचं अंग. पाइप त्यातच आट्यांनी बसतात. खोटा माल गळ्यात मारण्याआधी त्याने अशा तीन-चार गोष्टी अगदी बरोबर सांगितल्या, आणि या लोकांची खरी हातोटी तीच आहे. पुढे म्हणाला, तुमच्याच मापाचे नवे पाइप, हार्ड क्रोम केलेले, नव्या स्प्रिंगा, आत सुधारित व्हॉल्व्ह. किंमत अठरा हजार. निम्मे पैसे आधी आणि फोर्क मापासाठी त्याच्याकडे. फोर्क पार्सलने गेला, यूपीआयने पैसे गेले. व्हिडिओ आला, त्यात चकचकीत फोर्क हाताने दाबला की लोण्यासारखा खाली जातोय. मग उरलेले पैसेही गेले.

पार्सल आल्यावर आमच्या गावच्या मेस्त्रींकडे नेलं. त्यांनी पाइप ट्यूबलाइटखाली आडवा धरला आणि मला डोळा लावून बघायला सांगितलं. चांगल्या पाइपात दिव्याची रेघ सरळ दिसते. इथे ती लाटांसारखी हलत होती. "झिला, ह्यो पाइप नवो नाय. खड्डे घासून वर चकाकी मारलेली आसा," मेस्त्री म्हणाले. मायक्रोमीटर लावला तर जिथे सील घासतं तिथेच पाइप बारीक भरला. मग खिडकीच्या काचेवर लोळवला. एक पाइप सपाट गेला, दुसऱ्याच्या मधोमध खालून उजेड दिसला. म्हणजे कुठल्या तरी अपघातातल्या गाडीचा वाकलेला पाइप.

वरचा नट उघडला तेव्हा उग्र वास आला. गिअर ऑइल! त्यातल्या गंधकाचा वास लपत नाही. फोर्कमध्ये हलकं, ठरावीक नंबरचं ऑइल लागतं, कारण ते बारीक भोकांतून जातानाच धक्का जिरतो. जाड ऑइल भरलं की ढिला फोर्क हाताला घट्ट वाटतो, पण लागोपाठच्या खड्ड्यांत स्प्रिंग वेळेत उलगडत नाही आणि चाक रस्ता सोडतं. घाटाच्या वळणावर हे जिवावर बेतेल. स्प्रिंगा जुन्याच, बसलेल्या, आणि त्यांची उंची भरून काढायला वर नळाच्या प्लास्टिक पाइपचे तुकडे. तसा तुकडा घालणं एरवी चुकीचं नाही, जाणते मेकॅनिकही घालतात, पण चांगल्या स्प्रिंगेवर. व्हॉल्व्ह तर नव्हताच.

हार्ड क्रोम आणि शोभेचा क्रोम यांतला फरक इथे समजून घ्या. शोभेच्या कामात निकेलवर क्रोमचा थर एक मायक्रॉनपेक्षाही कमी असतो. हार्ड क्रोमचा थर कित्येक मायक्रॉनचा, आणि तो चढवल्यावर पाइप ग्राइंडिंग करून मापात आणावा लागतो. किनाऱ्यावर शोभेचा क्रोम एक पावसाळाही धड काढत नाही. फोटोत मात्र दोन्ही सारखेच चमकतात.

पैशांपेक्षा मला जुन्या फोर्कचं दुःख जास्त आहे. फोन केला तर "तो भंगारात गेला, दादा," आणि नंतर फोन उचलणंच बंद. पुढे एका मित्राने विक्रीला लावलेल्या फोर्कचा फोटो दाखवला, 'सत्तरच्या दशकातला, ओरिजिनल'. त्याच्या डाव्या पायावर, मडगार्डची पट्टी बसते त्या कानाला पितळेचा झाळ होता, वर जाड आणि खाली ओघळलेला. तो बाबांनी कणकवलीत मारून घेतला होता. माझ्याकडे फोर्क पाठवण्याआधीचे फोटो आहेत, झाळ तंतोतंत तोच. मला भंगार विकणं हा त्याचा जोडधंदा. त्याला हवा होता तो आमचा मूळ फोर्क. २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. त्यामुळे अशा मूळ भागांना गिऱ्हाईक तयारच असतं.

ज्यांना खरोखर काम करायचंय त्यांनी पाइप बदलण्याआधी आपलेच पाइप हार्ड क्रोम आणि ग्राइंडिंग करून घेण्याचा विचार करावा. त्यासोबत नवे बुश (पाइप ज्यांत सरकतो त्या कड्या), योग्य स्प्रिंगा, मॅन्युअलमधलं ऑइल आणि हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग). मापं घ्यायची तर लेथवाल्याकडे स्वतः थांबून घ्या, जुना भाग घरी ठेवा. प्रत्येक भागावर कुठेतरी पंचाने खूण करा आणि खुणेचा जवळून फोटो काढा. पार्सल उघडताना अखंड व्हिडिओ घ्या. माझ्या तक्रारीत सगळा भार या फोटोंवरच आहे.

ऑनलाइन पैसे गेल्याचं लगेच लक्षात आलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की पैसे पुढे सरकतात. ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या शहरी खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकिलामार्फत नोटीस गेल्यावर त्याने पाच हजार परत पाठवले. उरलेल्या पैशांसाठी आणि फोर्कसाठी तक्रार दाखल केली आहे.

डाव्या पायाच्या कानावर पितळेचा ओघळलेला झाळ असलेला बुलेटचा फोर्क कोणी तुम्हाला विकायला आणला, तर घेण्याआधी मला कळवा. किंमत मी देईन.