टँग एकेक करून सोडावेत की सगळे एकदम?

खाऱ्या पाण्याच्या मोठ्या टँकमध्ये चार-पाच टँग, म्हणजे शेपटीच्या बुडाशी धारदार काटा असलेले समुद्री मासे, ठेवायचे हे पक्कं झालं की पुढचा घोळ सुरू होतो, तो त्यांना आत सोडायचं कसं याचा. यात दोन तट आहेत. एक म्हणतो, गरीब स्वभावाचे आधी, भांडखोर शेवटी, मध्ये महिना-दोन महिन्यांचं अंतर ठेवा. दुसरा म्हणतो, सगळे एकाच संध्याकाळी सोडून मोकळे व्हा. माझ्या आधीच्या सहा फुटी टँकला मी पहिली पद्धत वापरली. आताचा टँक सात बाय अडीच बाय दोन फुटांचा, म्हणजे ढोबळमानाने हजार लिटरचा, त्याला दुसरी. मासे दोन्हीकडे जगले, त्यामुळे अमुकच बरोबर असं छातीठोक सांगणार नाही. पण कोणी विचारलंच तर माझं माप एका बाजूला झुकतं, आणि त्याला माशांपेक्षा लातूरचं पाणी जास्त कारणीभूत आहे.

एकेक करून सोडण्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. खिशाला एकदम भार पडत नाही. फिल्टरमधले बॅक्टेरिया हळूहळू वाढत्या घाणीला सरावतात. क्वारंटाइनला, म्हणजे नवा मासा आधी काही दिवस वेगळा ठेवायला, शंभर-सव्वाशे लिटरची टाकी पुरते. शिवाय दुकानदाराकडे जो मासा त्या दिवशी ठणठणीत दिसतोय, तेवढाच उचलता येतो. संच पूर्ण करायचा म्हणून पोट खपाटीला गेलेला हिप्पो टँग गळ्यात मारून घ्यावा लागत नाही. टँगच्या जातींचा क्रमही बहुतेकांचा ठरलेला असतो. आधी कोले, कारण तो कंगव्यासारख्या दातांनी दगडावरचा शेवाळाचा थर खरवडत बसतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मग हिप्पो, मग यलो किंवा सेलफिन, आणि सगळ्यात शेवटी पावडर ब्लू. पावडर ब्लू हा हिंदी महासागराचाच मासा, म्हणून आपल्याकडे तो मिळायला फारसा त्रास पडत नाही. पण तो एकदा आत स्थिरावला की नंतर येणाऱ्या प्रत्येकाची खैर नसते.

कागदावर हे सगळं छान आहे. त्रास सुरू होतो तो तिसऱ्या माशापासून. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेल्या माणसासारखा जुना टँग वागतो: टँक सात फुटी असला तरी सगळा त्याचाच. माझ्याकडचा यलो चावायचा नाही. नव्या माशाच्या शेजारी येऊन अंग तिरकं करायचा, आणि शेपटीच्या बुडाशी असलेला तो पांढरा काटा लागेल असा फटका द्यायचा. सेलफिन सोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या कुशीवर बारीक सरळ चीर होती. दोघंही झेब्रासोमा या एकाच गटातले, दोघांची अंगलट सारखी, त्यामुळे असं होणार हे अपेक्षितच होतं. काचेला बाहेरून आरसा लावला, नव्याला छिद्रांच्या पारदर्शक पेटीत टांगून ठेवलं, नोरीच्या, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या, दोन क्लिपा दोन टोकांना लावल्या. या सगळ्याने थोडा थोडा फरक पडतो, पडत नाही असं नाही.

पण खरा उपाय दोनच: दगडांची मांडणी मोडून जुन्याची हद्द पुसायची, नाहीतर जुन्यालाच काही दिवस बाहेर काढायचं. दोन्हींसाठी मला दगडच उपसावे लागले. माझं घोडं अडलं ते इथेच. दिवे विझले की यलोचा रंग फिका पडतो, कुशीवर पांढरट डाग उमटतो आणि तो नेमका मागच्या फटीत शिरतो. तिथे जाळी जात नाही. मग पाणी क्रेटमध्ये उपसा, दगड एकेक करून परातीत काढा, खालचा गाळ उठून टँक गढूळ होऊ द्या, आणि गेलेल्या पाण्याच्या जागी नवीन बनवा. बोअरचं पाणी इतकं जड की आरओतून एक बादली चांगलं पाणी निघायला तीन बादल्या वाया जातात. त्या फरशी पुसायला आणि संडासात वापरतो, तरी शंभर लिटर बनवायचं म्हणजे दिवस जातो, वर साडेतीन किलो मीठ. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून प्यालेलं हे गाव. दगडांची परात अंगणात पाहून आई म्हणाली, "माणसं टँकरमागं पळलालेत अन् तू दगडं धुलालास?" यावर उत्तर नव्हतं माझ्याकडे. आणि हा सोहळा एकदाच नाही, जवळजवळ प्रत्येक नव्या टँगमागे एकदा.

(दगडी प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून माझ्या टँकमध्ये नुसते मासे आणि कोरडे दगड. दगड हलवताना प्रवाळ मोडायची भीती नाही, एवढंच काय ते सुख.)

दुसरी गोष्ट हवामानाची. मासे मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने थर्माकोलच्या खोक्यात येतात. आपल्याकडचा उन्हाळा पाहता होळीनंतर ती जोखीम मी घेत नाही. म्हणजे हाताशी राहतात दिवाळी ते होळी एवढे महिने. प्रत्येक माशाचं क्वारंटाइन धरलं तर एका हंगामात दोन, फार तर तीन टँग होतात. पाच व्हायला दुसरी दिवाळी उजाडते. आणि दर वेळी इच, म्हणजे अंगावर पांढरे ठिपके उठवणारा परजीवी रोग, आत शिरायची एक नवी संधी. एकदा मुख्य टँकमध्ये इच आला की सगळे मासे बाहेर काढून टँक अडीच महिने रिकामा ठेवायचा. म्हणजे पुन्हा दगड.

सगळे एकदम सोडले की हद्दच कोणाची नसते. क्वारंटाइनच्या उघड्याबोडक्या टाकीत, पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांमध्ये, ते आधीच एकमेकांना जोखून बसलेले असतात. तिथून सगळे एकाच वेळी अंधारात मोठ्या टँकमध्ये गेले की पहिला आठवडा शेपट्या फडकावण्यात जातो, पण कोणा एकावर सगळा राग निघत नाही. सेलफिन आणि यलो आता एकाच क्लिपवरची नोरी ओढतात. पावडर ब्लू मात्र मी बाकीच्यांपेक्षा थोडा लहानच घेतला होता, त्याचाही उपयोग झाला असावा.

याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. पाच टँगना चारशे लिटरच्या आतली क्वारंटाइन टाकी नको. परजीवी मारणारं कॉपरचं औषध हळूहळू वाढवत नेऊन योग्य पातळीवर ३० दिवस ठेवायचं, आणि त्या काळात अमोनिया बांधणारं औषध पाण्यात अजिबात टाकायचं नाही. कॉपरशी त्याचं जमत नाही, मासे दगावतात. मुख्य टँकचा फिल्टरही पाच खादाडांसाठी आधीच तयार हवा. मी रिकाम्या टँकमध्ये नवसागर टाकून बॅक्टेरिया वाढवले, पण कल्हईवाल्याकडचा नव्हे, केमिकलच्या दुकानातला शुद्ध. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी लागतो. आणि एकाच खोक्यातून व्हेल्वेट हा इचपेक्षा झपाट्याने मारणारा परजीवी रोग आला तर सगळा संच दोन-तीन दिवसांत जाऊ शकतो, ही भीती खरी आहे. ज्याला ती झोप येऊ देणार नाही त्याने एकेक करूनच आणावेत. पाचही मासे योग्य मापाचे एका वेळी मिळणं हेही अवघडच. माझ्या दुकानदाराने आगाऊ पैशांवर दोन मासे ठेवून घेतले, सगळेच ठेवतील असं नाही.

टँक सहा फुटांपेक्षा लहान असेल तर हा वादच सोडा, एक कोले आणि एक यलो पुरे. आणि ज्यांच्या टँकमध्ये जुना यलो आधीपासून मुरलेला आहे, त्यांनी नवे मासे आणायच्या आधी त्यालाच बाहेर काढून क्वारंटाइनमध्ये नव्यांच्या सोबत बसवावं. त्यासाठी जाळी घेऊन मागे लागू नका. नोरी अडकवलेली, दोरीने दार पडणारी अॅक्रिलिकची पेटी आठवडाभर टँकमध्ये उघडी ठेवा. खायला आपणहून आत जायला लागला की दोरी सोडा.