ब्लॅक आणि प्री-कमिट: ओपन सोर्स प्रोजेक्टमधे बरेच महिने वापरल्यावर

आमचा पायथनचा ओपन सोर्स प्रोजेक्ट आहे, कोड पाठवणारे कोणी विंडोजवर कोणी लिनक्सवर, आणि बरेच जण एकदाच येऊन एखादा बग दुरुस्त करून जाणारे. कोड फॉरमॅटिंग तपासायचं काम आम्ही मशीनकडे दिलं त्याला आता बरेच महिने झाले. सेटअप कसा करायचा ते कुठेही वाचायला मिळतं, पण पुढे काय काय होतं ते फारसं कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सेटअप साधाच आहे. फॉरमॅटिंगला ब्लॅक, इम्पोर्टच्या ओळी लावायला आयसॉर्ट, कमिट करताना (म्हणजे बदल गिटमधे नोंदवताना) दोन्ही आपोआप चालवायला प्री-कमिट, आणि पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घ्यायची विनंती) आला की गिटहब ॲक्शन्स या गिटहबच्या स्वयंचलित सेवेवर तेच हुक (कमिटच्या वेळी आपोआप चालणारे चेक) पुन्हा चालतात. आयसॉर्टला प्रोफाइल ब्लॅक असं सांगायलाच लागतं, नाहीतर एकाने केलेलं दुसरा बदलतो आणि चेक कधीच हिरवा होत नाही.

सगळ्यात मोठा फरक रिव्ह्यूमधे पडला. आधी नवीन माणसाला पहिलं उत्तर काय मिळायचं तर "इथे स्पेस द्या", "ओळ लांब झाली", त्यात दोन मेन्टेनर (प्रोजेक्ट सांभाळणारे) दोन वेगळ्या गोष्टी सांगायचे आणि ज्या लॉजिकसाठी त्याने एवढी मेहनत घेतली त्याबद्दल कोणी बोलायचंच नाही. आता या कमेंट जवळपास बंद झाल्यात आणि रिव्ह्यू खरंच कोडवर होतो. ब्लॅक डिफॉल्टला 88 अक्षरांची ओळ धरतं, पेप 8 मधे, म्हणजे पायथनच्या अधिकृत स्टाइल गाइडमधे, 79 आहे, यावरून सुरुवातीला बरीच चर्चा झाली. ब्लॅकने तोडलेल्या काही ओळी मला आजही आवडत नाहीत, पण माझ्या आवडीसाठी कोणाचा पीआर अडकून राहणार नसेल तर मला ते चालतं. मॅट्रिक्ससारखे हाताने नीट लावलेले तक्ते असतील तिथे फॉरमॅटिंग बंद करायची कमेंट टाकता येते, तेवढी सूट पुरते.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, गिटचे हुक क्लोनबरोबर, म्हणजे प्रोजेक्टची प्रत आपल्याकडे घेतली की त्यासोबत, येत नाहीत. प्रत्येकाला आपल्या मशीनवर प्री-कमिट इन्स्टॉल करावंच लागतं, आणि केलं तरी नो-व्हेरिफाय हा हुक टाळायचा पर्याय देऊन कमिट करता येतंच. म्हणजे हुक सोयीसाठी, खरा निकाल सीआयचा, म्हणजे पीआर आल्यावर गिटहबवर होणाऱ्या तपासणीचा. फक्त हुकवर भरवसा ठेवणार असाल तर चार दिवसात परत जुनं सगळं सुरू.

आता व्हर्जन, सगळ्यात जास्त डोकेदुखी इथेच आहे. प्री-कमिटच्या फाइलमधे एक व्हर्जन, डेव्हलपमेंटच्या रिक्वायरमेंट्समधे दुसरं आणि एडिटरच्या एक्स्टेंशनमधे तिसरं असं झालं की तोच कोड एकाकडे पास आणि दुसऱ्याकडे फेल, आणि पीआरमधे न शिवलेल्या ओळीही बदललेल्या दिसतात. तिन्हीकडे नेमका एकच आकडा लिहा, "यापेक्षा नवीन कोणतंही" असलं काही नको. ब्लॅकचं एक बरं आहे, स्थिर स्टाइलमधले बदल ते वर्षाच्या पहिल्या रिलीजमधे आणतात, त्यामुळे अपग्रेड जानेवारीत, वेगळ्या पीआरमधे, सोबत दुसरा कुठलाच बदल न करता करायचं.

पहिल्यांदा सगळा कोड फॉरमॅट केला की गिट ब्लेममधे (कोणती ओळ शेवटी कोणत्या कमिटमधे बदलली ते दाखवणारी कमांड) बदललेल्या प्रत्येक ओळीवर त्याच एका कमिटचं नाव येतं, जुन्या लोकांचा याला विरोध असतो आणि तो रास्तच आहे. पण गिट 2.23 पासून, म्हणजे 2019 पासून, असे कमिट एका फाइलमधे लिहून ब्लेममधून वगळता येतात, आणि त्या फाइलचं नाव ठरलेलं ठेवलं की गिटहबही ते पाळतं, आपल्या मशीनवर मात्र कॉन्फिगमधे सांगावं लागतं. स्क्वॉश मर्ज (पीआरमधले सगळे कमिट एकत्र करून मर्ज) करत असाल तर त्या फाइलमधे कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) मर्ज झाल्यानंतरचा लिहा, कारण स्क्वॉशमधे तो बदलतो. हे मोठं फॉरमॅटिंग केलं त्या वेळी उघडे असलेले पीआर वाचवायचे तर आधी त्या ब्रांचमधे मोठ्या फॉरमॅटिंगच्या अगदी आधीचा कमिट मर्ज करा, ब्रांचवर त्याच व्हर्जनचा फॉरमॅटर त्याच सेटिंगने चालवून कमिट करा, मग फॉरमॅटिंगचा कमिट अवर्स स्ट्रॅटेजीने (म्हणजे ब्रांचवरचा कोड आहे तसाच ठेवून) मर्ज करा. कॉन्फ्लिक्ट सोडवत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

विंडोजच्या लाइन एंडिंगचं (ओळ संपल्याची खूण, विंडोजवर ती लिनक्सपेक्षा वेगळी असते) ब्लॅकवर सोडू नका, ते फाइलची पहिली ओळ बघून ठरवतं, त्यामुळे गिटॲट्रिब्यूट्स या गिटच्या सेटिंग फाइलमधेच एलएफ (लिनक्सची खूण) ठरवून टाका.

बॉटने स्वतःच फॉरमॅट करून कमिट टाकावा की नुसतं तपासावं? माझं मत स्पष्ट आहे, नुसतं तपासावं. फोर्कवरून (बाहेरच्या माणसाने केलेल्या प्रोजेक्टच्या स्वतःच्या प्रतीवरून) आलेल्या पीआरला साधारणपणे फक्त वाचायची परवानगी असलेलं टोकन (तात्पुरती किल्ली) मिळतं, म्हणून बॉटला लिहायला द्यायचं तर जास्त अधिकार उघडावे लागतात आणि अनोळखी कोड चालवताना ते धोक्याचं आहे. शिवाय बॉटने पीआर पाठवणाऱ्याच्या ब्रांचवर कमिट टाकला की त्या माणसाचा पुढचा पुश रिजेक्ट होतो, आणि गिट नवीन शिकणाऱ्याला आपलं काय चुकलं तेच कळत नाही.

त्यापेक्षा फेल झाल्यावर काय दिसतं त्यावर वेळ घालवा. प्री-कमिटला फेल झाल्यावर डिफ (नेमकं काय बदलायला हवं ते) दाखवायचा पर्याय आहे तो सीआयमधे चालू ठेवा आणि खाली नेमकी कोणती कमांड चालवायची ते एका ओळीत लिहा. एवढं केल्यावर "चेक लाल का आहे" हा प्रश्न आमच्याकडे क्वचितच येतो. आणि एखाद्याने दोन ओळींचा बग फिक्स पाठवलाय, त्याने मेन्टेनरला एडिट करायची परवानगी दिलीय, तर आमच्यापैकी कोणीतरी सरळ फॉरमॅटर चालवून कमिट टाकतो, त्याला तसं कळवतो आणि मर्ज करतो.