पॉलिटोपियात वेढ्यासाठी कोण: डिफेंडर की स्वोर्ड्समन?

पॉलिटोपिया या चालींच्या स्ट्रॅटेजी गेममध्ये डिफेंडर (ढालवाला सैनिक) आपल्याच शहरात बसवून ठेवणं म्हणजे तो वाया घालवणं. त्याला शत्रूच्या रिकाम्या शहरात घुसवा. तो तिथे बसला की शहराचे स्टार (खेळातला पैसा) बंद, नवं सैन्य बंद, आणि टिकला तर पुढच्या चालीत शहर आपलं.

स्वोर्ड्समन (तलवारवाला सैनिक) 5 स्टारचा, डिफेंडर 3 चा. आरोग्य दोघांचंही 15, बचाव 3. उलटा फटका बचावावर ठरतो, त्यामुळे ताजा वॉरियर (साधा सैनिक) अंगावर आला तर दोघांचेही 4 जातात आणि त्याचे 8.

पण शहरात कुणी उभं असेल तर स्वोर्ड्समनच हवा. डिफेंडरचा हल्ला जेमतेम 1, शिवाय सरकल्यावर त्याला त्याच चालीत मारता येत नाही. समोर दोन कॅटापुल्ट (लांबून दगड फेकणारी यंत्रं) असतील तर दोघंही मरतात. मग स्वस्तातलाच पाठवावा.