ग्रेंज २००८ : शंभर गुणांमागचा हंगाम

पेनफोल्ड्स या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या ‘ग्रेंज’ या रेड वाइनच्या २००८ च्या हंगामाला ‘वाइन स्पेक्टेटर’ आणि ‘वाइन ॲडव्होकेट’ या दोन्ही अमेरिकी नियतकालिकांनी शंभरपैकी शंभर गुण दिले. या यशाचे मूळ काढणीच्या तारखेत आहे, आणि ते तासगाव-पलूस पट्ट्यातील द्राक्ष बागायतदाराला चटकन समजेल. मार्च २००८ मध्ये, तिकडच्या ऐन काढणीत, ॲडलेडचा पारा सलग १५ दिवस ३५ अंशांच्या वर राहिला. ज्या बागांचा माल या लाटेपूर्वी उतरला तो उत्कृष्ट निघाला; जो वेलीवर राहिला, त्यात साखर भराभर चढली आणि स्वाद मात्र मागे पडला. केवळ ब्रिक्स (रसातील साखरेचे माप) पाहून माल तोडला की काय गमवावे लागते, हे आपल्याकडेही उन्हाळा लवकर तापला की दिसते.

ग्रेंजला एकाच बागेचे बंधन नाही. शिराझ हे मुख्य वाण, त्यात अगदी थोडे कॅबर्ने सॉव्हिन्यॉन, आणि निरनिराळ्या भागांतील जो माल त्या वर्षी सर्वांत सरस उतरला असेल तोच घ्यायचा, ही तिची रीत आहे. माझ्या मते समीक्षकांनी दिलेल्या गुणांतला मोठा वाटा या निवडीचा आहे. १९५० मध्ये फ्रान्समधील बोर्दो या वाइन-प्रदेशाचा दौरा करून परतलेले पेनफोल्ड्सचे मुख्य वाइनकार मॅक्स शुबर्ट यांनी १९५१ मध्ये पहिली ग्रेंज केली, पण ती चाखणाऱ्यांनी नाके मुरडली आणि १९५७ मध्ये कंपनीने उत्पादन थांबवण्याचा आदेश दिला. शुबर्ट यांनी तीन हंगाम ती गुपचूप केली, आणि जुन्या बाटल्या मुरून उत्तम लागू लागल्यावर १९६० पासून तिला पुन्हा अधिकृत मान्यता मिळाली.

नातलगांनी ॲडलेडहून आणलेली २००८ ची बाटली सांगलीत चाखायला मिळाली. पिकलेले जांभूळ, लवंग आणि कडू चॉकलेट यांचा दाट स्वाद, आणि जिभेला भरपूर जाणवूनही न टोचणारा तुरटपणा, हे तिचे वैभव आहे. नव्या अमेरिकन ओकच्या पिंपांमुळे येणारा व्हॅनिलाचा वास मात्र सुरुवातीला इतका पुढे येतो की फळाचा गंध झाकला जातो, म्हणून वाइन पसरट भांड्यात ओतून दोन तास उघडी ठेवावी. आपल्या एप्रिलच्या हवेत ती खोलीच्या तापमानाला पिणे हा तिच्यावर अन्याय आहे. १७-१८ अंशांपर्यंत थंड करावी. बाटली आणखी काही वर्षे राखायची असेल, तर घरातील कपाटात ठेवू नये.

बाजारात आली तेव्हाच तिची किंमत ७८५ ऑस्ट्रेलियन डॉलर होती. शंभर गुण मला पूर्णपणे रास्त वाटतात, तरीही एवढा खर्च करण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही. याच कंपनीची ‘बिन ३८९’ ही रेड वाइन बरीच स्वस्त आहे, आणि तिचा काही भाग ग्रेंजच्या रिकाम्या झालेल्या पिंपांतच मुरवला जातो.